मलिकाभाभीनं मशिनी हलवल्या तेव्हा

खरं सांगू, हे मी लिहिणारच नव्हते. परीक्षा तोंडावर आलीय, आणि मलिकाभाभीला कळलं तर ती चिडेल. पण आत्ता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

मलिकाभाभी आमच्या शेजारची. नगरकडच्या बेलापूरला तिची शिलाईची शेड आहे, शाळेच्या गणवेशांची. तिथं बाया बसायच्या त्या आपापल्या घराच्या गल्लीप्रमाणे, जावेशेजारी जाऊ. पहिलीनं शेजारणीला आपलंच काम शिकवलेलं, म्हणून एका कोपऱ्यात नुसत्या कॉलरी, दुसऱ्यात नुसत्या बाह्या, आणि गठ्ठे शेडभर फिरत राहायचे. ढीग मोठा दिसला की वाटायचं, काम लई झालं. तयार शर्ट मात्र मूठभर.

मागच्या उन्हाळ्यात गणवेश घेणाऱ्या शाळेनं सांगितलं, शाळा उघडायच्या आत माल आला नाही तर पुढचं काम पुण्याला देऊ. तेच एक मोठं काम होतं. ते गेलं असतं तर शेडला कुलूप.

भाभी नगरला एका शिबिराला जाऊन आली. कामाच्या क्रमानं मशिनी लावा, असं तिथं शिकवलेलं. तिनं रविवारी सगळ्या मशिनी हलवून टाकल्या. सोमवारी बाया आल्या, सांगितलं तिथं बसल्या, आणि शेड गप्प झाली. दोरा तुटला तरी कुणी कुणाला हाक मारेना. काम आणखीच घटलं. भाभीला वाटलं, रुसल्यात, होतील सरळ. कुठल्या होतात.

शेवटी रतनमावशी तिच्या टेबलाशी आली. शेडमधली सगळ्यात जुनी बाई.

"भाभी, तुमच्या घरातली भांडी मी न इचारता हलवली, तर काय कराल?"

"घराबाहेर काढीन," भाभी म्हणाली.

"मग? आमी तर अजून बसलोय."

भाभीला हसूही आलं आणि रडूही. तिनं सगळ्यांना मधे बोलावलं, माझं चुकलं म्हणाली, आता तुम्हीच सांगा कसं करायचं. ज्ञानेश्वरी, सगळ्यात चावट, म्हणाली, आम्हा जावांना एकत्रच ठेवा, पण एकीला कॉलर द्या, एकीला बाही, एकीला काज-बटण. घरात भांडतो तसं इथं भांडू, पण अख्खा शर्ट आमच्याच हातून निघेल.

तसंच केलं. प्रत्येक गल्लीची आपली एक रांग. मावशी त्या वयात काजं शिकली. सुरुवातीचे शर्ट उसवावे लागले, एक बाही तर हत्तीला झाली असती. पण वाकडी कॉलर आता ढिगात दडेना. पुढच्या मशिनवर जाऊच बसलेली, ती कशाला सोडतेय!

माल शाळा उघडायच्या आत पोचला. त्याच संध्याकाळी भाभी मावशीच्या घरी गेली. काय काय बोलायचं ठरवून गेलेली, पण दारातच रडू फुटलं. मावशीनं चहा टाकला आणि म्हणाली, "काम ऱ्हायलं ना आपल्याकडं? मग रडताय कशाला."

तुम्हालाही कुणीतरी असंच तोंडावर बोलून सावरलं असेल. त्या माणसाला फोन नका करू. याच आठवड्यात उठा, आणि जाऊन भेटा.