‘संपली वादळं,’ अप्पा म्हणाले

माझ्या सासऱ्यांना सगळी जुनी हुबळी अप्पा म्हणायची, आणि दसरा झाला की येताजाता विचारायची, ‘काय अप्पा, संपली का वादळं?’ आमच्या गल्लीतून समुद्र गाठायचा तर घाट उतरून अर्धा दिवस जायचा. अप्पांनी तो उभ्या जन्मात दोन-तीनदा पाहिला असेल नसेल. पण आमचं दुकान खड्या मिठाचं आणि मीठ यायचं कारवारच्या बाजूच्या मिठागरांतून, म्हणून समुद्राची खबर ठेवणं हा आमच्या घराण्याचा धर्म झाला होता.

मिठागरं खाडीच्या पलीकडे. पोती होडीत घालून अलीकडे रस्त्यापर्यंत आणायची आणि मग लॉरीनं घाटावर चढवायची, अशी पद्धत. पावसाळा सरला तरी आश्विन-कार्तिकात त्या किनाऱ्यावर एखादं वादळ हमखास येतं. त्यामुळे वादळांचे दिवस संपल्याची खात्री झाल्याशिवाय आमच्याकडून कुणी खाली उतरायचं नाही. आणि ती खात्री अप्पा मिठालाच विचारायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी पितळी ताटलीत मूठभर नवं मीठ घालून स्वयंपाकघरातल्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवत. सकाळी पूजा आटोपली की त्यातली चिमूट बोटांत चोळत. समुद्राकडचा दमट वारा वाहत असेल तर मिठाला पाणी सुटतं. ओलं लागलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सलग नऊ दिवस कोरडं राहिलं की अप्पा म्हणत, ‘संपली वादळं,’ आणि माझे थोरले दीर पिशवी उचलत.

मी धारवाडची, मास्तरांची मुलगी. वडील शाळेत भूगोल शिकवायचे. लग्न होऊन आले त्या वर्षी ही ताटली बघून मला हसू आवरेना. नवऱ्याला म्हटलं, ‘तुमच्याकडं हवामान खातं खिडकीतच आहे की!’ तो रेल्वेत नोकरीला, त्याला मिठाशी देणंघेणं नव्हतं. ‘अप्पांसमोर बोलू नको म्हणजे झालं,’ एवढंच म्हणाला. थोरल्या दिरांना घरात सगळे अण्णा म्हणत. ते मला ‘धारवाडचा पेढा’ म्हणून चिडवायचे, आणि वर खुलासाही करायचे की गोड आहे म्हणून नव्हे, रंग भाजलेला आहे म्हणून. मीही काही कमी नव्हते. ‘मिठाच्या पोत्यांना पेढ्याची चव काय कळणार,’ असं मी म्हटलं की त्यांची बायको, आमची अक्का, पदरात तोंड लपवून हसायची.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. त्या वर्षी दसऱ्यानंतरचे दोनच दिवस मीठ ओलं लागलं, मग रोज कोरडं. सहावा दिवस, सातवा, आठवा. एरवी तुळशीच्या लग्नाच्या आधी मोजणी पुरी व्हायची नाही, आणि इथे तर दिवाळीलाही अवकाश होता. बाजारातले मिरचीवाले, सूतवाले मुद्दाम दुकानाशी थांबून विचारायला लागले, ‘अप्पा, यंदा लवकर संपली म्हणायची?’ अप्पा नुसते बोट वर करायचे, एक दिवस थांबा म्हणून. अक्कानं अण्णांचे कपडे धुऊन पिशवीत घालून ठेवले होते. आता गेले तर पाडव्याच्या ओवाळणीला घरी असतील, असं ती दोनदा म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी मी वरच्या फळीवरचा डबा काढत होते. पदर ताटलीत अडकला आणि ताटली मिठासकट खाली आली. अप्पा आत पूजेला बसले होते, घंटा वाजत होती. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात. मी हातांनीच घाईघाईनं गोळा करायला लागले. ते माझ्या तळहातांना चिकटलं. झटकलं तरी पडेना. मीठ ओलं होतं. मला ते कळलं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःलाही सांगत राहिले की घाईत काही कळलं नाही.

मीठ सांडलं म्हटल्यावर बोलणी बसणार. मास्तरांची पोर धांदरट निघाली म्हणणार. शिवाय माझ्या डोक्यात भूगोल भरलेला. एका दिवसानं काय बिघडतं, असं वाटलं. चुलीच्या कडेला स्वयंपाकाच्या मिठाचा डबा असायचा, त्यातलं मीठ उबेनं खडखडीत वाळलेलं. मूठभर काढून ताटलीत घातलं, ताटली जागेवर ठेवली आणि सांडलेलं पुसून टाकलं.

अप्पा आले. चिमूट घेतली, चोळली, पुन्हा घेऊन चोळली. त्यांचा चेहरा उजळला.

‘कोरडं,’ ते म्हणाले. ‘संपली वादळं.’

अण्णा दुपारीच निघाले.

चौथ्या दिवशी हुबळीत भलतीकडूनच वारा सुटला आणि दिवसभर पाऊस लागला. त्यानंतर दोन दिवसांनी लॉरी आली, रिकामी. ड्रायव्हर दुकानाच्या पायरीवर उकिडवा बसला आणि अप्पांकडे न बघता कन्नडमध्ये म्हणाला, ‘अण्णा बरलिल्ला री.’ अण्णा आलेच नाहीत. भरलेली होडी खाडीच्या मध्यावर असताना वादळानं गाठलं होतं. दोघे नावाडी पोहून कडेला लागले. अण्णा कुणालाच सापडले नाहीत.

सापडले नाहीत म्हणून अक्कानं कुंकू पुसलं नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. दाराची कडी वाजली की ती हातातलं काम टाकून उठायची आणि दारापर्यंत न जाता परत बसायची. त्या घरात मला तो आवाज नकोसा झाला.

अप्पांनी ताटली खिडकीतून काढली ती कायमची. दुकानात गादीवर बसले की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा, बोटांत काही नसताना. मधूनच मला हाक मारून विचारायचे, ‘नऊ दिवस भरले होते ना, बाळ?’

मी म्हणायची, ‘होय अप्पा, भरले होते.’

शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण बोटं चाललेली होती. आपल्या बोटांनीच आपल्याला दगा दिला असं समजून ते गेले. एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकले असते. माझी जीभ उचलली नाही. मला माझी भीती वाटायला लागली ती तेव्हापासून.

एकदा धारवाडला गेले असताना वडिलांना आडूनआडून विचारलं, हुबळीतल्या मिठाला समुद्रावरचं वादळ आधी कळतं का? ते हसले. म्हणाले, ‘मीठ आजची हवा सांगेल. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या वादळाची त्याला काय खबर?’ हे ऐकून माझा जीव हलका व्हायला हवा होता. परतताना बसमध्ये मी तेच घोकत होते. पण वाटेतलं नवलूर यायच्या आत दुसरा विचार आला: मिठाला कळो न कळो, त्या दिवशी अप्पांना ते ओलं लागलं असतं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून झाली असती, आणि अण्णा आणखी नऊ दिवस घरात बसले असते. रीत खोटी असेल. ते नऊ दिवस खरे होते.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा बारा वर्षं भरली. भटजींनी दिवस काढून दिला. अण्णांचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं ठरलं. आदल्या दुपारी अक्का आणि मी समोरासमोर बसून तांदूळ निवडत होतो. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी मीठ ओलं होतं. माझ्या हातून सांडलं. मी चुलीजवळचं घातलं.’

तिचा सुपातला हात थांबला नाही.

‘ठाऊक आहे मला,’ ती म्हणाली. ‘मी न्हाणीतून येत होते. डब्यातलं मीठ घालताना बघितलं तुला.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय? पाडव्याला ते घरी हवे होते मला. अजून नऊ दिवस थांबले असते तर ऐन पाडव्याला तिकडंच अडकले असते. तू भिऊन केलंस गं. मी तर बघून गप्प बसले.’ तिनं सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘उद्या माझं कुंकू तू पुसायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको.’

सवाष्णीनं असलं काम करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी मी पुढे झाले तशा घरातल्या जाणत्या बायका ओरडल्या, एकीनं माझा दंड धरून मागे ओढलं. अक्का म्हणाली, ‘तिलाच करू दे. तिला आणि मला ठाऊक आहे.’ मी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि तिचं कपाळ पुसलं. तिनं डोळे मिटले नाहीत.