आतलं काढून द्या

वडिलांच्या काळ्या फोनची डायल अडकत होती, म्हणून तो घेऊन मी साठेकाकांकडे गेलो. जुने टेलिफोन आणि त्यांचे सुटे भाग विकणारं आमच्या गावातलं ते एकच दुकान. काका प्रत्येक फोन गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचे, मगच विकायचे. हल्ली गिऱ्हाईकच येत नव्हतं.

त्या दिवशी मात्र एक हॉटेलवाला आला होता. चार फोन निवडून तो म्हणाला, "आतलं सगळं काढून द्या. टेबलांवर कुंड्या म्हणून ठेवायचेत."

मला वाटलं, काका त्याला हाकलून देतील. पण त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. स्वतः दुरुस्त करून बसवलेल्या घंटा, तारांची वेटोळी काढून ते पत्र्याच्या डब्यात टाकत राहिले. वस्तू मोडीत जाते तेव्हा निदान संपते तरी. नुसतं शोभेला उरणं त्याहून वाईट, असं त्या खणखणाटात वाटत राहिलं.

हॉटेलवाला गेल्यावर काकांनी माझा फोन पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "ह्याचंही आतलं काढायचं का?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.