सोवनीकाकूंची ठकी

मांजर या जातीशी माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मला प्राणिमित्र समजायला नको. कुत्रं निदान शेपूट हलवतं. मांजर आपलंच खातं आणि आपल्याकडेच असं बघतं, की आपण त्याच्या घरी भाड्याने राहतोय. तरीही गेली दोन वर्षं एक मांजर माझ्या डोक्यातून जात नाही. तिचं नाव ठकी आणि ती सोवनीकाकूंची.

सोवनीकाकू म्हणजे मधुमती सोवनी. लखनऊत अलीगंजला आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. माहेरच्या वासंती, नवरा मधुसूदन, म्हणून सासरच्यांनी नावाला नाव जुळवून मधुमती केलं. काका बँकेत होते. बदली होऊन लखनऊला आले, इथेच छोटं घर बांधलं, आणि रिटायर झाल्यावर परत जायचं, जायचं म्हणता म्हणता ब्याण्णव साली वारले. मुलगा राघव पुण्याला कारखान्यात. काकू सत्तरीला टेकलेल्या आणि घरात एकट्या. सब्जीवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळे त्यांना माताजी म्हणायचे. वासंती म्हणणारं तर सोडाच, मधुमती म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं.

गल्लीत मराठी बोलायला आम्ही दोघी. माझे हे दिवसभर ऑफिसात, आणि आमची आर्या मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणार. काका गेल्यावर चारेक महिन्यांनी एक भुरकी मांजरी त्यांच्या बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवर येऊन बसली आणि काकूंनी तिला हाकललं नाही. त्या दिवसापासून त्या तिच्याशी बोलायला लागल्या. वरणात मीठ कमी पडलं, नळाला पाणी आलं नाही, आज गुडघ्याने दावा साधलाय, सगळं ठकीला सांगायचं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं आणि खरं सांगते, राग यायचा. मी इथे हाकेच्या अंतरावर असताना ही बाई मांजराला सांगते! पण मी तरी कुठे रोज जात होते? सकाळी डबे, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी स्वयंपाक. येते हं काकू, येते हं, म्हणता म्हणता माझा आठवडा सरायचा.

त्र्याण्णवच्या नाताळच्या सुट्टीत यांनी आर्यासाठी व्हीसीआर भाड्याने आणला. कॅसेटवाल्याने मुलांना चालेल म्हणून एक जुना इंग्रजी सिनेमा दिला. कार्टून नव्हे, खरी माणसं आणि खरंखुरं मांजर. डोंगरातल्या शेतावर एक कुटुंब असतं, त्यांचा पिवळा बोका जत्रेच्या गर्दीत हरवतो आणि बर्फ तुडवत, नदी ओलांडून एकटा घरी येतो. गोष्ट एवढीच. मी काकूंनाही बोलावलं. त्यांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण दहा मिनिटांत त्यांनी आर्याला सिनेमा मराठीत सांगायला घेतला. आई म्हणतेय, अगं गधडे, दार उघडं कशाला टाकलंस. म्हातारा म्हणतोय, मी नाही जायचा शोधायला, माझे गुडघे दुखतात. आर्या हसून हसून लोळली. शेवटी बोका दारात येतो तेव्हा मात्र काकू गप्प झाल्या. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, पुन्हा लाव गं, मला परत बघायचंय.

पुढच्याच महिन्यात काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. सकाळी सातला पडल्या आणि मला कळलं दुपारी एकला. सहा तास ती बाई ओल्या फरशीवर पडून होती आणि भिंतीच्या अलीकडे मी रेडिओ लावून पोळ्या लाटत होते. मनगट मोडलं होतं. राघव धावत आला, आई, आता इथे राहायचं नाही म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. पण त्याच्या मुलाला दमा, घरात जनावर आणू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकूंचं एकच, ठकीला टाकून मी येणार नाही. आठ दिवस समजूत घालून राघव हात हलवत परत गेला.

काकूंकडे फोन नव्हता, राघवचा फोन आमच्याकडे यायचा. त्या रविवारी तो मलाच म्हणाला, वहिनी, ते मांजर नसेल तर आई एका दिवसात तयार होईल, तुम्हाला काही करता आलं तर बघा. मी बघते म्हटलं. ओल्या फरशीवरच्या काकू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. पुन्हा पडल्या आणि मला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही तर काय, याच भीतीने मी हो म्हटलं.

माझं सासर कऱ्हाडकडचं. तिकडे नको झालेलं मांजर सोडायची रीत ठरलेली. पोत्यात घालायचं, पोतं तीनदा गरगर फिरवायचं म्हणजे ते दिशा विसरतं, आणि नदीपलीकडे नेऊन सोडायचं. मांजर नदी ओलांडून परत येत नाही म्हणतात. माझ्या सासूबाईंनी अशी चार सोडली होती. मंगळवारी काकू हनुमानाला गेल्या, तेव्हा मी दुधाची वाटी दाखवून ठकीला बोलावलं. आली बिचारी लगेच. गव्हाच्या पोत्यात घातली, तीनदा फिरवली, सायकलरिक्षा केली आणि नदीचा पूल ओलांडून थेट लष्कराची छावणी गाठली. रिक्षावाल्याने विचारलं, बहनजी, बोरे में क्या है? मी म्हटलं, सब्जी. सब्जी सगळा रस्ता ओरडत होती. एका मेसच्या मागे सोडली, म्हटलं निदान खायला तोटा नाही. पोत्यातून बाहेर आली, माझ्या पायाशी घुटमळली, आणि मी मागे न बघता रिक्षात बसले.

संध्याकाळी काकूंबरोबर मी गल्लीगल्लीत ठकीला शोधलं. शोधलं कसलं, नाटक केलं. सांगायलाही लाज वाटते. राघवला वाटलं काम फत्ते, त्याने तिकीट काढायची भाषा सुरू केली. आणि काकू म्हणाल्या, असं कसं जाऊ? ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?

घ्या! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आधी मांजर होतं म्हणून जात नव्हत्या, आता मांजर नव्हतं म्हणून जाईनात. वर्षभर बसून राहिल्या. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येईनासं झालं. एक भाजी करून दोन दिवस खायच्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या आणि चाचरत विचारायच्या, तो बोक्याचा सिनेमा मिळेल का गं पुन्हा? मी आणायचे. आर्याला आता कंटाळा यायचा, ती उठून जायची. काकू एकट्याच बघायच्या, मराठीत काही सांगायच्या नाहीत. नदीचा प्रसंग आला की मी उगाच चहा टाकायला जायचे.

सांगून का टाकलं नाहीस, म्हणाल. शंभरदा ओठांवर आलं. पण सांगितलं तर ही बाई माझं तोंड बघणार नाही, मग या गावात मी कुणाशी बोलू? काकूंसाठी केलं म्हणत होते, पण गप्प बसले ती स्वतःसाठी. दुसऱ्याच्या एकटेपणावर औषध शोधायला निघाले होते, आणि माझा एकटेपणा मला तेव्हा दिसला.

पुढच्या जानेवारीत लखनऊला अशी थंडी पडली की चार-चार दिवस ऊन दिसेना. काकूंना ताप होता म्हणून मी दुपारी पेज घेऊन गेले. बघते तर दार सताड उघडं आणि त्या शाल पांघरून दारातच खुर्चीवर बसलेल्या, दात वाजतायत. दार लावते म्हटलं तर म्हणाल्या, नको, थंडीची कुठे बाहेर बसली असेल तर आत येईल. माझ्याने राहवलं नाही. पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. चौकशी केल्यासारखं विचारलं,

"पोत्यात घातलीस?"

"हो."

"फिरवलीस?"

"तीनदा."

"आणि छावणीत सोडलीस. म्हणजे नदीपलीकडे."

मी मान हलवली. त्या उठल्या, दार लावलं, कडी घातली.

"मग नाही यायची," त्या म्हणाल्या.

मी मूर्खासारखी बोलून गेले, की त्या सिनेमातला बोका येतो ना नदी ओलांडून. तर म्हणाल्या, सिनेमातल्या बोक्याला माणसं उचलून पलीकडे ठेवतात गं विजू, तेवढं मला कळतं. चार दिवसांनी ताप उतरल्यावर मला रिक्षा करायला लावली. छावणीत त्या मेसच्या मागे दोन तास फिरल्या, ठकी, ठकी म्हणून हाका मारत. रस्ता शांत, त्यांचाच आवाज. एक जवान थांबून अदबीने म्हणाला, माताजी, यहाँ तो बहुत बिल्लियाँ हैं. चार-पाच दिसलीही. ठकी नव्हती. परत येताना पुलावर त्या दुसरीकडे तोंड करून बसल्या होत्या.

आठवड्याने त्यांनी स्वतः राघवला फोन लावायला सांगितला आणि ये म्हणाल्या. पंधरा दिवसांत घर आवरलं. त्या पंधरा दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी भांडी बांधून दिली, ट्रंका भरल्या, त्यांनी नको म्हटलं नाही आणि बस हेही म्हटलं नाही. स्टेशनवर राघवने माझे आभार मानले, वहिनी, तुमच्यामुळेच हे झालं म्हणाला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

राघव पाणी आणायला उतरला तेव्हा काकूंनी मला खिडकीशी बोलावलं. माझा हात धरला. म्हणाल्या, "तू माझ्या काळजीने केलंस, ते मला कळतं. पण राघव येऊन गेल्यावर मी दोनदा तुझ्याकडे आले होते, विजू. ठकीला तू ठेवशील का, एवढंच विचारायला. ठेवते म्हणाली असतीस, तर तेव्हाच गेले असते मी. दोन्ही वेळा तू घाईत होतीस."

गाडी हलली तसा त्यांनी हात सोडला. मी तशीच प्लॅटफॉर्मवर उभी राहिले आणि आठवायला लागले. सकाळी आल्या होत्या की दुपारी, मी काय करत होते, त्यांना आत तरी बोलावलं होतं का. अजून आठवतेय. एकही वेळ आठवत नाही.