झुंबरबाईंचा निम्मा हिस्सा

तीर्थपुरीच्या रस्त्यावर तातेराव आणि मच्छिंद्र या दोघा भावांनी १९८४ साली कापसातली सरकी काढायची जिनिंग टाकली. वकिलाच्या सल्ल्यानं तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. शेअर निम्मे निम्मे. थोरले तातेराव कापूस बघायचे, धाकटा मच्छिंद्र कागद. तातेरावांच्या पत्नी झुंबरबाई सकाळी मजुरांचा चहा करायच्या. कंपनी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

१९९२ च्या हिवाळ्यात शहागडजवळ तातेरावांची जीप उभ्या ट्रकवर आदळली. ते जागीच गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले तसे मच्छिंद्रनं चार कागद आणून वहिनीपुढं ठेवले.

"सही करा, वहिनी. कामं अडून राह्यलेत."

झुंबरबाई चौथी शिकलेल्या, लेक उषा कॉलेजात. कागद इंग्रजीत होते. "राहू द्या भाऊजी. उषा कॉलेजातून आली की वाचून घेते, मंग करते."

"माझ्यावर भरोसा न्हाई?" असं म्हणून मच्छिंद्रनं कागद उचलले. ते कागद पुन्हा कधी समोर आले नाहीत.

पुढं झुंबरबाईंनी कोर्टातून वारसा दाखला काढला आणि नवऱ्याचे शेअर आपल्या नावावर करायला अर्ज दिला. उत्तर रजिस्टर पोस्टानं आलं: संचालक मंडळाला ही नोंद करता येत नाही. मंडळ म्हणजे मच्छिंद्र आणि त्याची बायको सोनूबाई. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत होती; पत्र तेवढं पोस्टातून फिरून आलं.

जालन्याच्या वकिलानं कंपनीची कागदपत्रं तपासली. "बाई, मधल्या काळात नवे शेअर काढून सोनूबाईंना दिलेत. तुमचा निम्मा होता, तो आता पाव राहिला."

"मला न विचारता?"

"नोटीस पाठवल्याचं दाखवलंय."

असले तंटे मुंबईला कंपनी लॉ बोर्डापुढं चालायचे. झुंबरबाईंनी तिथं केस टाकली आणि तारखा सुरू झाल्या. आदल्या दिवशी भाकरी बांधून निघायचं, जालन्याहून गाडी धरायची, बाकावर दिवसभर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. सुरुवातीला त्या वकिलाचा शब्द न् शब्द ऐकायच्या. पाचव्या वर्षी नुसतं आपलं नाव पुकारलं की उठून उभ्या राहायच्या.

त्याच वर्षी उषाचं लग्न ठरलं. बाप नाही, कन्यादान कोण करणार, हा प्रश्न कुणी तोंडावर काढला नाही. लग्नाच्या सकाळी मच्छिंद्र आणि सोनूबाई नवे कपडे घालून आले आणि पाटावर बसले. उषाचा हात नवऱ्या मुलाच्या हातात देताना मच्छिंद्र हुंदके देऊन रडला. झुंबरबाईंनी जावेला साडी नेसवली, ओटी भरली.

नऊ दिवसांनी मुंबईत मच्छिंद्रच्या वकिलानं सांगितलं, की या बाईंचा कंपनीशी काही संबंध नाही. मच्छिंद्र मागच्या बाकावर खाली बघत बसला होता. त्या दिवशी झुंबरबाईंना राग आला नाही. येतो का ते त्यांनी थोडा वेळ वाट बघून पाहिलं, मग पाय दुखायला लागले म्हणून चपला काढल्या.

२००३ साली निकाल लागला. नवे शेअर रद्द झाले, झुंबरबाईंचं नाव निम्म्या हिश्शासह लागलं. तोवर जिनिंगला तिसरा हंगाम कुलूप होतं. यंत्रांवर गंज चढला होता आणि मच्छिंद्रला अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला होता.

झुंबरबाई तेव्हा लेकीकडं घनसावंगीला राहायच्या. सभेची रीतसर नोटीस आली तशा त्या जीपनं तीर्थपुरीला गेल्या. जिनिंगच्या ऑफिसात दोनच भागधारक, दीर आणि भावजय. एकच ठराव होता: कंपनी बंद करून जागा विकायची.

"तुमचं काय म्हणणं, वहिनी?"

"माझं काय असणार? विका. मी लई दमले, भाऊजी."

"मी बी. वकील म्हणाला, हात वर करून मत द्यायचं."

झुंबरबाईंनी हात वर केला. मच्छिंद्रचा उजवा हात मांडीवरून हलला नाही. त्यानं डाव्या हातानं तो उचलायला घेतला.

"राहू द्या," झुंबरबाई म्हणाल्या. "तोंडानं सांगा. तेवढं बराबर आहे."

"मंजूर," मच्छिंद्र म्हणाला.

सोनूबाईंनी घरून चहा आणला. तिघांनी तो घेतला.

"आता परत जायला जीप मिळंल का तुम्हाला?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मिळंल," असं म्हणून झुंबरबाईंनी पिशवी उचलली.