दोन गावांमधला बाक

चेन्नईच्या टोकाला, तांबरमच्या पलीकडे हद्द न मानणारा एकच माणूस राहत होता आणि दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी त्याचा भाडेकरू होतो. माझं वर्तमानपत्र घरमालक माझ्याआधी वाचत. शेजाऱ्याचा कढीपत्ता शेजाऱ्यादेखत तोडत. कोणी हटकलंच, तर आपल्या तंजावरी मराठीत विचारत, "कां? झाडाला कुंपण ठाऊक आहे?"

घरामागे तळं होतं, ते दोन गावांत विभागलेलं. दोन्ही गावांनी काठावर फिरायला फरसबंद वाट बांधली, पण मधला वेड्या बाभळींचा तुकडा दोघांनीही सोडला. घरमालकीणबाईंना मी मामी म्हणे. त्यांची थोरली बहीण पैलतीरावर राहायची. बसने जायचं तर स्टेशनवर बस बदलून लांबचा वळसा, आणि दोघींचेही गुडघे गेलेले. "अक्का दिसते, भेटत नाही," मामी म्हणत. दोन्ही वाटा जोडून मागताना घरमालकांनी मात्र हे कारण कुठल्याच कचेरीत सांगितलं नाही. ते तत्त्वावर भांडत.

"दोन्ही गावांनी एका टेबलाशी बसावें. काफी मी पाजतों," ही त्यांची मागणी. हे गाव म्हणे, आधी त्यांनी यावं. ते गाव म्हणे, आधी यांनी. एकदा मी सोबत होतो. कारकून म्हणाला, "सार, ती जागा पोरंबोकू." पोरंबोकू म्हणजे धनी नसलेली सरकारी पडीक जमीन, चेन्नईत वाया गेलेल्या माणसालाही हीच शिवी घालतात. घरमालक हलेनात, तेव्हा कारकुनाने ती त्यांनाही घातली. ते प्रसन्न झाले आणि त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागले.

"बरोबर बोललास, तंबी. म्हणून तर दोन्ही गावांत फिरतों!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयत्याने बाभळी तोडायला घेतल्या. दोन्ही गावांच्या नोटिसा आल्या. त्यांनी उत्तरादाखल बरोबर हद्दीवर दगडी बाक टाकला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दोन्हीकडची माणसं तो हलवायला आली आणि तशीच परत गेली. अर्धा बाक उचलायचा हुकूम दोघांकडे होता. अख्खा उचलायचा कोणाकडेच नव्हता.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"बसणार," ते म्हणाले.

पण बसले नाहीत. मी शहरात, नुंगंबाक्कमला घर बदललं, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे गेलो, तर बाकावर मामी आणि अक्का आपापल्या गावात बसून बोलत होत्या. घरमालक लांब उभे राहून कोयत्याची धार पाहत होते. अंधारू लागलं तशी अक्का उठली. ते तिच्यापुढे झाले आणि काटेरी फांद्या कोपराने बाजूला धरत तिला तिकडच्या फरशीपर्यंत पोचवून आले.

"चला आता," ते मामींना म्हणाले.

"थांबा हो. तिच्या घरी दिवा लागूं दे."

 मामींच्या मागे उभे राहून तेही पाण्यापलीकडे पाहू लागले.