डाव्या करंगळीचा दोरा

टेम्पोचा फाळका माझ्या उजव्या करंगळीवर आदळला, तेव्हा तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्यानंतरचा पहिला विचार क्लॅरिनेटचा होता. भोरमध्ये माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि करंगळीवाचून शिलाई मशीनचं काही अडत नाही. पण लग्नसराईत मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, आणि तिथे उजव्या करंगळीवाचून सगळंच अडतं.

हाड जुळलं, पण करंगळी ताठच राहिली. पट्टी सुटली तरी मी सगळ्यांना ‘अजून जरा दुखतंय’ एवढंच सांगत होतो. खरं सांगायची भीती वाटत होती.

भीतीचं कारण आमच्या बँडचा एक रिवाज. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पायरीवर डोकं टेकतो, तेव्हा ढोल, ताशा, ट्रम्पेट सगळे गप्प होतात. एकटं क्लॅरिनेट दोन शेजारच्या सुरांची झटपट उघडझाप करत राहतं, नवरदेव उठेपर्यंत. तिला आम्ही थरथर म्हणतो. करंगळी दाबली की खालचा सूर, उचलली की वरचा. वयामुळे दम पुरेना, तेव्हा आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांनी आपली ही थरथर आम्हा चौघा क्लॅरिनेटवाल्यांतून मला दिली होती. ती गेली असती तर मी परत मागच्या रांगेत, खुळखुळेवाल्याच्या शेजारी. आणि गुंजवणे गावातल्या लग्नाची सुपारी पंधरा दिवसांवर आली होती.

आता एक कबुली. क्लॅरिनेटला डाव्या करंगळीसाठीही तीन लांब दांड्या असतात आणि त्यातून उजव्या करंगळीचेच बहुतेक सूर निघतात. इतकी वर्षं वाजवून मला हे माहीत नव्हतं. कारण मास्तरांच्या क्लॅरिनेटवर त्या दांड्या काळ्या दोऱ्याने आवळून बांधलेल्या होत्या, म्हणून आम्ही चौघांनीही आपापल्या बांधल्या होत्या. उस्ताद शिष्याला गंडा बांधतात, तसा हा वाद्याचा गंडा असणार, असं आम्हीच आपसांत ठरवून टाकलं होतं. मास्तरांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. नवं क्लॅरिनेट आलं की नारळ फोडायचा, दोरा बांधायचा. दोरा माझ्याच दुकानातला, बटणं लावायचा, चांगला पक्का.

एका दुपारी मी दुकानात मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचं क्लॅरिनेट बघत बसलो होतो, स्वतःच्या जखमेवर मीठ चोळून घेत. बायको काज करता करता वाकून बघायला लागली.

“ह्याची डावी करंगळी लई नाचतीया,” ती म्हणाली. “तुमची का न्हाई हालत?”

“आमच्यात बांधलेली असते.”

“कशापायी?”

मी तिच्यावरच खेकसलो. तिने नुसती कात्री माझ्यापुढे सरकवली आणि परत काज करायला बसली.

दोरा कापताना मास्तरांच्या पाठीमागे त्यांचाच गंडा तोडतोय, असं वाटत होतं. पण दांडी दाबली आणि सूर निघाला. तोच, जसाच्या तसा! मी शटर अर्धं खाली ओढलं आणि डोळे पुसले.

पुढचे दिवस डाव्या करंगळीच्या नाकदुऱ्या काढण्यात गेले. सरगम चढताना ती अडखळायची, थरथर तर नुसती लंगडायची. आता कुठला सूर कुणाला द्यायचा, हे मी मापं लिहितो त्या वहीत मांडून बघितलं. एक सूर मात्र उजव्या करंगळीशिवाय निघेचना. तो मी ट्रम्पेटवाल्याच्या गळ्यात घातला. त्याला वाटलं, मी मोठेपणा देतोय.

गुंजवण्यात नवरदेवाने डोकं टेकलं, ढोल थांबला आणि मी थरथर धरली. ती लागली. गोल, एकसारखी. मी मनात म्हटलं, ऊठ बाबा आता. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, “दाजी, पुन्यांदा! डोळं मिटलं व्हतं!” नवरदेव पुन्हा वाकला. मग करवलीचा पदर मध्ये आला म्हणून तिसऱ्यांदा. माझे गाल फुटायला आले, पण करंगळी थांबली नाही.

ढोल सुरू झाला आणि मी वळून बघितलं. पारावर बसलेले मास्तर माझ्या हाताकडेच बघत होते. त्यांनी बोटाने बोलावलं.

“दोरा कुठं हाय?”

फाळक्यापासून कात्रीपर्यंत सगळं मी एका दमात सांगून टाकलं. गंडा तोडला, चूक झाली, थरथर दुसऱ्याला द्या, असंही म्हणालो.

“कसला गंडा?” मास्तर म्हणाले. “माझ्या दांडीची खीळ मोडली व्हती. खडखडायची, म्हून बांधली. तुमी का बांधली?”

“तुमची बघून.”

“समद्यांनी?”

मी मान हलवली. मास्तर हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मी त्यांची पाठ चोळली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, मीही हसत होतो. मग त्यांनी माझी ताठ करंगळी हातात घेतली, आणि त्यांचं हसू थांबलं.

“एवढे दिवस एकल्यानं सोसलंस. मला इचारायचं न्हाई व्हय रं?”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

वरात पोचवून आल्यावर त्यांनी दोरा असलेली उरलेली चारही क्लॅरिनेट पारावर मांडायला लावली. माझ्या खिशात कात्री असतेच. तिघांचे दोरे मी कापले. चौथं मास्तरांचं. त्याला मी हात लावला, तर ते म्हणाले, “माझं ऱ्हाऊ दे, खडखडंल.”

“खडखडू द्या,” मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचं ऐकलं नाही.