खिडकीकडचा कोपरा

गोंदियातल्या रेल्वेबाबूंच्या क्लबात बिलियर्डचं एकच टेबल होतं, आणि दुधराम मार्करचा संसार अठरा वर्षं त्यावर चालला होता. बाबूंना खेळवायचं, गुण मांडायचे आणि टेबलावर ताणलेली हिरवी लोकरी बनात निखाऱ्याच्या इस्त्रीनं रोज सपाट करायची. इस्त्री फिरवायची ती दाराकडून खिडकीकडेच. हात उलटा फिरला की बनातीची लव उभी राहते आणि हळू सोडलेला गोळा वाट सोडतो.

गेल्या दिवाळीपासून ही इस्त्री त्याची बायको रुख्मा फिरवत होती. दुधरामच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. क्लब उघडायच्या आत ती काम उरकून निघून जाई. ही गोष्ट बाहेर फुटली तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीसोबत क्लबामागची खोलीही.

तरी त्याच्या डोळ्याची कुजबुज झालीच. सेक्रेटरी घनश्यामबाबूंनी नागपुराहून नंदलाल नावाचा तरणा मार्कर बोलावला. रविवारी दुपारी दोघांचा एक डाव, जिंकेल तो राहील.

रुख्मा मागच्या दाराशी पाण्याचा माठ घेऊन उभी होती. बायकांनी त्या दाराच्या आत यायचं नव्हतं.

शेवटी टेबलावर पांढरा आणि काळा, दोनच गोळे उरले. काळा जाळीत पाडेल त्याचा डाव. पाळी दुधरामची. काळा लांब होता, कडेला चिकटलेला. केसभर चुकलं तरी गेलं.

"मारो, दुधराम!" छोटेलाल गार्ड ओरडला.

"ह्या उमरीत कायचं मारतो," नंदलाल हसला. "लपत बसंल."

दुधरामनं काठीला खडू लावला आणि तो दुसऱ्या बाजूनं वाकला. रुख्मा समजली. तो मारणार नव्हता. काळ्याला नुसतं शिवून पांढरा हळूच खिडकीकडच्या कोपऱ्यात नेऊन चिकटवणार होता. तिथून नंदलालला धड नेमच धरता आला नसता.

आणि तिला सकाळचं आठवलं. ती टेबलाशी असताना मागच्या खोलीत चुलीवरचा भात उतू जाऊन करपायला लागला होता. तिनं घाईत खिडकीकडच्या कोपऱ्यातून इस्त्री मागे ओढली होती. उलटी.

गप्प राहावं, तर गोळा भलतीकडे जाईल. बोलावं, तर इस्त्री कोणाची ते उघडं पडेल. दुधरामची काठी मागं गेली.

"अजी!" ती ओरडली. "सकाळची इस्त्री खिडकीपाशी उलटी फिरली जी! मायाच हातून!"

सगळे दाराकडे वळले. ती कपड्यांचंच बोलतेय असं समजून हशा उसळला.

"लो, सदरा जळाला मार्करचा!" छोटेलाल म्हणाला.

घनश्यामबाबू हसले नाहीत.

दुधरामही हसला नाही. त्यानं काठी खाली ठेवली, टेबलाला वळसा घालून गेला आणि कोपऱ्यातल्या बनातीवरून तळवा फिरवला. एकदा, दोनदा. परत येऊन वाकला तेव्हा नेम त्यानं चार बोटं डावीकडे धरला होता.

पांढरा काळ्याला शिवून निघाला. भलत्याच वाटेनं चाललाय असं वाटेपर्यंत चालला, कोपऱ्याशी मंदावला, उजवीकडे वळला आणि कडेला जाऊन चिकटला.

नंदलालचं हसू गेलं. त्यानं काठी उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली. शेवटी जोरात मारलं. काळा दोन कडांना आपटून जाळीच्या तोंडाशी येऊन थांबला, पांढऱ्यापासून हातभर. तेवढं दुधरामला एका डोळ्यानंही दिसत होतं.

काळा पडल्याचा आवाज आला तरी रुख्मा दारातून हलली नाही.

माणसं पांगली. घनश्यामबाबू खिडकीकडच्या कोपऱ्यापाशी गेले, त्यांनी तिथं बोटं फिरवली आणि मग दाराकडे पाहिलं.

"टेबलची इस्त्री कोण करते?"

दुधरामनं तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"मी करतो, बाबूजी."

बाबूंनी खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली, घडी घालून परत ठेवला.

"उद्या इस्त्री आधी कर, भात नंतर लाव," ते म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

भाताचं तर ती बोललीच नव्हती. मागच्या खोलीत काय करपतं त्याचा वास क्लबात येतो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.